सहा फूट जाडीची भिंत: शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीचं प्रकरण

शिकागोतल्या मोनॅडनॉक इमारतीत रस्त्यावरून शिरायचं तर पायरी उतरावी लागते. १८९१ मध्ये इमारत उभी राहिली तेव्हा असं काही नव्हतं. गेल्या शतकाच्या चाळिशीपर्यंत ती सुमारे २० इंच, म्हणजे हातभराहून जरा जास्तच, जमिनीत गेली. वजनच तेवढं आहे. १६ मजले, २१५ फूट उंची, आणि बाहेरच्या भिंती विटांच्या, तळाशी ६ फूट जाड. त्या भिंती नुसता आडोसा करत नाहीत, भार पेलतात. आपल्याकडे गवंडी ज्याला ‘लोड बेअरिंगचं काम’ म्हणतात तेच, पण १६ मजल्यांचं. भार पेलणाऱ्या विटांवर इतकी उंच व्यापारी इमारत तोवर जगात कुणी बांधली नव्हती, आणि त्यानंतर त्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

वास्तुकलेच्या वर्गात ही इमारत सहसा एका वाक्यात उरकली जाते: विटांच्या युगातली शेवटची उंच इमारत, इथून पुढे पोलाद. वाक्य चुकीचं नाही, पण ते ऐकून वाटतं की बांधणाऱ्यांना पोलादाची खबरच नव्हती. खबर होती. ज्या कचेरीने मोनॅडनॉकचा नकाशा काढला, तिनेच त्याच सुमारास शिकागोत संपूर्ण पोलादी सांगाड्याची रँड मॅकनॅली इमारत उभी केली, आणि ती १८९० मध्ये, म्हणजे मोनॅडनॉकच्या आधी पूर्ण झाली. मग इथे विटाच का? याचं उत्तर नकाशाच्या टेबलापेक्षा मालकाच्या पत्रव्यवहारात जास्त सापडतं, म्हणून सुरुवात मालकापासून.

मालक, कारभारी आणि दोन वास्तुकार

पीटर आणि शेफर्ड ब्रुक्स हे दोघे भाऊ बॉस्टनकडचे. घराण्याचा पैसा जुना, हात आखडता, आणि गुंतवणूक शिकागोत. १८७१ च्या ऑक्टोबरमधल्या आगीत शिकागोचा मधला भाग बेचिराख झाला, सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली. त्यानंतर गावात जमिनीचे भाव आणि बांधकाम दोन्ही उसळलं. पीटर ब्रुक्स बॉस्टनजवळ बसून पत्रं लिहायचा आणि शिकागोत ओवेन ऑल्डिस नावाचा वकील त्याचा कारभार पाहायचा. ऑल्डिसला नुसता दलाल म्हणणं अन्यायाचं होईल. भाड्याने द्यायची कार्यालयं कशी असावीत याचे त्याने पुढे काही नियम सांगितले, त्यांच्याकडे नंतर येतो.

वास्तुकार होते डॅनियल बर्नहॅम आणि जॉन वेलबॉर्न रूट. कचेरी १८७३ पासूनची. बर्नहॅम गिऱ्हाईक सांभाळणारा, मोठी कामं खेचून आणणारा. रूट स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला, संगीताचा शौकीन, हातात पेन्सिल आली की थांबत नसे. ब्रुक्ससाठी या जोडीने १८८२ मध्ये मॉन्टॉक ही १० मजली इमारत केली, आणि १८८८ मध्ये रूकरी पूर्ण केली. म्हणजे मोनॅडनॉकचं काम निघालं तेव्हा मालक, कारभारी आणि वास्तुकार एकमेकांच्या खोडी ओळखून होते.

जागा मात्र गावाच्या दक्षिण टोकाला, जॅक्सन आणि डिअरबॉर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावर. तेव्हा तिथे व्यापारी वस्ती पोहोचली नव्हती, आसपास बुटकी घरं आणि टपऱ्या. इतक्या दूर कार्यालयं बांधणाऱ्याला लोकांनी खुळ्यात काढलं. प्लॉट लांबच लांब आणि चिंचोळा होता, रुंदी जेमतेम ७० फूट. हा चिंचोळेपणा पुढे वरदान ठरला. मधून एक बोळ काढला की दोन्ही बाजूंच्या प्रत्येक खोलीला रस्त्याकडची खिडकी मिळते. अंधारी खोली एकही नाही, आणि आत उजेडासाठी चौक सोडायची गरजही नाही.

पंधरा चोक साठ

विटांच्या भिंतीचा त्या काळचा ढोबळ हिशेब असा: सगळ्यात वरच्या मजल्याला १२ इंच जाडी धरायची आणि खाली उतरताना दर मजल्याला ४ इंच वाढवत जायचं. १६ मजल्यांचं गणित मांडा. वरचे १२, अधिक खालच्या १५ मजल्यांचे पंधरा चोक साठ. एकूण ७२ इंच, बरोबर ६ फूट.

या गणितातच त्याची अडचण दिसते. खालच्या भिंतीचं बरंचसं काम माणसं, टेबलं आणि कपाटं पेलणं हे नसतंच, वरच्या भिंती पेलणं हेच असतं. मजला वाढवला की खालची प्रत्येक भिंत जाड होते, भिंत जाड झाली की वजन वाढतं, वजन वाढलं की पाया पसरावा लागतो. आणि ज्या तळमजल्याला दुकानांचं सगळ्यात जास्त भाडं मिळतं, तिथेच भिंत सगळ्यात जास्त जागा खाते. ७० फूट रुंदीत दोन्हीकडे ६ फूट गेले तर १२ फूट, म्हणजे साधारण सहावा हिस्सा. मुंबई-पुण्यात कार्पेट एरियावरून बिल्डरशी हुज्जत घातलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगायला नको. अर्थात भिंत सलग नाही, खिडक्या आणि दारांनी तिचे भक्कम खांब केलेले आहेत. पण दारात उभं राहिलं की बाजूची जाडी किल्ल्याच्या दरवाजासारखी वाटते.

धातूच्या सांगाड्यात हे चक्र मोडतं. वजन खांब-तुळया उचलतात आणि भिंत नुसतं अंगावरचं कापड होते. कल्पना नवीन नव्हती. मुंबईत काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकातलं. इंग्लंडमध्ये ओतलेले बिडाचे भाग जहाजातून आणून तो सांगाडा उभा केला होता. शिकागोत विल्यम ले बॅरन जेनी याने १८८५ मध्ये होम इन्शुरन्स ही १० मजली इमारत बऱ्याच अंशी धातूच्या सांगाड्यावर उभारली. १८८९ मध्ये टॅकोमा इमारत आली. रँड मॅकनॅलीचं वर आलंच.

तरी पीटर ब्रुक्स विटांवर अडून राहिला. मला यात मागासपणा दिसत नाही, सावकाराची सावधगिरी दिसते. १८७१ च्या आगीत उघडे बिडाचे खांब वितळले, वाकले, तडकले, आणि ‘न जळणाऱ्या’ म्हणवणाऱ्या इमारती कोसळल्या. पुढे खांबांना भाजक्या मातीच्या पोकळ विटांचं कवच घालायची पद्धत आली खरी, पण ती टिकते की नाही हे सांगायला काळ जावा लागणार होता. शिवाय भिंतीत दडलेलं लोखंड आतून गंजलं तर कुणाला कळणार, ही शंका तेव्हा चांगल्या चांगल्या अभियंत्यांनाही होती. ब्रुक्सला नातवंडांपर्यंत भाडं खायचं होतं. वीट काय करते हे हजारो वर्षं माहीत आहे, पोलादी सांगाड्याचं वय दहा वर्षांचंही नाही, असा त्याचा सरळ हिशेब असावा.

आणि ‘फक्त विटांची इमारत’ हेही अर्धसत्यच आहे. आतले खांब आणि तुळया लोखंडाच्या आहेत. ७० फूट रुंद आणि २१५ फूट उंच भिंताड वाऱ्याला कसं तोंड देणार, म्हणून रूटने आतल्या खांबांना आडव्या तुळया रिव्हेटने घट्ट जोडून चौकटी केल्या. दाराची चौकट कोपऱ्यात पक्की असली की ती कलत नाही, तेच तत्त्व. वाऱ्यासाठी अशी चौकटींची व्यवस्था केलेल्या अगदी सुरुवातीच्या अमेरिकी इमारतींत हिची गणना होते. म्हणजे पुढे प्रत्येक पोलादी टॉवरमध्ये वापरायची युक्ती या विटांच्या डोंगराच्या पोटात आधीच होती.

पारवे, चिमण्या आणि पिरॅमिड

नकाशाचा घोळ १८८४-८५ पासून चालू होता. रूटच्या सुरुवातीच्या आराखड्यांवर इजिप्तची छाप होती, कमळाच्या नक्षीसकट. ब्रुक्सने ऑल्डिसला पत्रातून कळवलं की बाहेर काहीही पुढे येता कामा नये. पुढे आलेल्या भागावर धूळ बसते, त्याने इमारत काही मजबूत होत नाही, आणि वर पारवे आणि चिमण्या बिऱ्हाड करतात. आधुनिक वास्तुकलेचं एक मोठं स्मारक कबुतरांच्या घाणीच्या धास्तीने सपाट झालं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात लाडकं वाक्य वाटतं. मुंबईत खिडकीला जाळी बसवलेला कुणीही ब्रुक्सच्या बाजूने मत देईल.

पुढचा किस्सा असा सांगतात की रूट समुद्रकिनारी सुटीवर असताना बर्नहॅमने कचेरीतल्या एका माणसाकडून सरळसोट, नक्षी नसलेल्या इमारतीचा आराखडा काढून घेतला. रूट परतला, बिथरला, आणि मग काही दिवसांनी म्हणाला की इजिप्तच्या पिरॅमिडच्या जड, तिरप्या रेषा आपल्या डोक्यात बसल्या आहेत, एकही दागिना न घालता ही वस्तू उभी करू. किस्सा थोडा तिखटमीठ लावलेला असेल, पण इमारतीकडे पाहिलं की पटतो.

कारण ती सपाट असली तरी ओबडधोबड नाही. तळाशी भिंत बाहेर येते आणि दुसऱ्या मजल्याशी हलकी वळून आत जाते, मग सरळ वर चढते, आणि अगदी माथ्यावर पुन्हा बाहेर उमलते. कोपऱ्यांकडे नीट पाहावं. खाली कोपरा धारदार आहे. वर जाता जाता ती धार छाटली जाते, आणि छाटलेली पट्टी मजल्यागणिक रुंद होत जाते. ओळंबा लावून सरळ कोपरा उचलणं कुठल्याही गवंड्याला जमतं. थराथराला कोन बदलणारा कोपरा साध्या विटेने होत नाही. त्यासाठी खास साच्यांतून विटा पाडून घेतल्या. नक्षीचा पैसा वाचवला, आणि तो विटांच्या साच्यांत गेला. ब्रुक्सला हे कितपत ठाऊक होतं कोण जाणे.

बाहेर काही येऊ नये या हुकमातून एक गोष्ट मात्र निसटली: बे विंडो. भिंतीतून फुगून बाहेर येणाऱ्या खिडक्यांच्या उभ्या ओळी तिसऱ्या मजल्यापासून जवळजवळ माथ्यापर्यंत जातात, आणि त्यांच्यामुळेच ती भिंत लाटेसारखी दिसते. त्या का राहू दिल्या? खिडकी बाहेर आली की खोलीत तीन बाजूंनी उजेड येतो आणि रस्त्यावरच्या हवेतली काही चौरस फूट जागा भाड्याच्या हिशेबात पडते. बाल्कनी बंद करून खोली वाढवण्याची कला आपली एकट्यांची नाही. उजेड आणि भाडं या दोन शब्दांपुढे ब्रुक्सचा धूळविरोध नमला.

आत गेलं की इमारतीचं दुसरंच रूप भेटतं. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना ओक लाकडाच्या चौकटीत काचा, म्हणजे खोलीतला उजेड बोळात झिरपतो. जिने उघडे, वर छताच्या काचेतून प्रकाश. आणि या जिन्यांना अॅल्युमिनियम वापरलेलं आहे. इमारतीत अॅल्युमिनियम वापरल्याच्या जगातल्या पहिल्या काही उदाहरणांत याचं नाव येतं. आज यात नवल वाटत नाही, आपल्याकडे तर पुढे ‘जर्मनचं भांडं’ म्हणून या धातूला स्वयंपाकघरातही खालची पायरी मिळाली. पण १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अॅल्युमिनियमचा छोटा कळस बसवला तेव्हा तो धातू चांदीच्या भावाने जात होता. विजेने तो स्वस्तात काढण्याची रीत १८८६ मध्ये निघाली, आणि पाच वर्षांत तो रूटच्या जिन्यावर होता. बाहेर सगळ्यात जुनं तंत्र, आत सगळ्यात नवा धातू. मालकाच्या भित्रेपणावर बोट ठेवणाऱ्यांनी हा जिना पाहावा.

रूटला ही इमारत पुरती वापरात आलेली पाहता आली नाही. १८९३ मध्ये शिकागोत भरायच्या जागतिक प्रदर्शनाच्या, म्हणजे कोलंबस जत्रेच्या तयारीसाठी देशभरचे वास्तुकार शिकागोत जमले होते, तेव्हा त्याला सर्दी बाधली, न्यूमोनिया झाला आणि १५ जानेवारी १८९१ रोजी तो गेला. वय ४१.

पाया

शिकागोची जमीन म्हणजे ओली चिकणमाती. खडक शंभर फुटांहून खोल, आणि तिथवर जाण्याची सोय तेव्हा नव्हती. १८७३ मध्येच फ्रेडरिक बाउमन याने प्रत्येक खांबाला त्याच्या भाराच्या प्रमाणात वेगळा पाया द्यावा असं मांडलं होतं. रूटने मॉन्टॉकच्या वेळी त्याला स्वतःची जोड दिली: रेल्वेचे रूळ एकावर एक आडवे-उभे रचायचे आणि काँक्रीटमध्ये गाडायचे. चिखलातून जाताना आपण फळी टाकतो तसं. पातळ पण रुंद तराफा तयार होतो आणि तळघरात जागा अडत नाही. मोनॅडनॉकखाली हा तराफा इतका पसरावा लागला की तो भिंतीच्या बाहेर, रस्त्याखाली ११ फुटांपर्यंत गेला.

इमारत खचणार हे गृहीतच होतं. ८ इंच खचेल असा अंदाज धरून बांधणी केली. १९०५ पर्यंत ते ८ इंच संपले आणि वर आणखी काही इंच झाले. शेवटी आकडा २० च्या घरात गेला. अंदाज अडीचपट चुकला, तरी इमारत तडकली नाही, कारण ती बऱ्यापैकी सारखी खचली. पायाच्या कामात किती खचलं यापेक्षा कुठे कमी आणि कुठे जास्त खचलं हेच भिंती फोडतं. १९४० च्या सुमारास डिअरबॉर्न रस्त्याखालून भुयारी रेल्वे खणली गेली तेव्हा मात्र जोखीम घेतली नाही. पूर्वेकडच्या भिंतीखाली कठीण थरापर्यंत विहिरीसारखे गोल पाये उतरवून तिला आधार दिला.

दोन वर्षांनी, त्याच भिंतीला लागून

आतापर्यंत सांगितली ती उत्तरेकडची अर्धी इमारत. ब्रुक्स बंधूंनी दक्षिणेकडचा अर्धा भाग १८९३ मध्ये पूर्ण केला. रूट नव्हता, बर्नहॅम जत्रेत गुंतलेला. काम होलाबर्ड आणि रोश यांच्याकडे गेलं, टॅकोमा इमारत ज्यांची तेच. यावेळी धातूचा सांगाडा. तोच मालक, तोच कारभारी, तोच प्लॉट, तीच माती, आणि मध्ये दोनच वर्षं. दोन पद्धतींची अशी शेजारी शेजारी तुलना सहसा नशिबात येत नाही. दक्षिण भाग सुमारे १५ टक्के स्वस्त पडला, वजनाने सुमारे १५ टक्के हलका झाला आणि भाड्याने द्यायची जागा सुमारे १५ टक्के जास्त मिळाली. शिवाय उंची तेवढीच धरून एक मजला जास्त, १७.

ब्रुक्सचा निर्णय चुकला का? आकड्यांवर चुकला. पण १८८९ मध्ये, परवाना घेताना, हे आकडे त्याच्यासमोर नव्हते. ते मिळवण्यासाठी कुणीतरी दोन्ही बांधून पाहायला हवं होतं, आणि ते योगायोगाने त्यानेच केलं. निकाल हातात येताच, किंबहुना यायच्या आधीच, त्याने पद्धत बदलली.

दोन्ही अर्ध्यांचे दोन-दोन भाग होते, आणि चारही भागांना अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या डोंगरांची नावं दिली: उत्तरेला मोनॅडनॉक आणि किअरसार्ज, दक्षिणेला कटाहडिन आणि वाचूसेट. प्रत्येकाचा जिना, लिफ्ट, नळ, हीटिंग स्वतंत्र, म्हणजे अडचण आली तर वेगवेगळे विकता यावेत. पुन्हा तीच सावकारी. भूगोलात सपाट प्रदेशात एकट्या उरलेल्या टेकडीला ‘मोनॅडनॉक’ म्हणतात, तो शब्दही त्याच डोंगरावरून आला. चारही मिळून १,२०० खोल्या आणि ६,००० हून अधिक माणसं. पूर्ण झाली तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी कार्यालयीन इमारत होती.

ती टिकली कशावर

होम इन्शुरन्स इमारत १९३१ मध्ये पाडली. टॅकोमा गेली, रँड मॅकनॅली गेली, मॉन्टॉक तर केव्हाच गेली. मोनॅडनॉक उभी आहे, आणि लोक त्याचं श्रेय ६ फुटी भिंतीला देतात. मला ते पटत नाही. शिकागोत भक्कम इमारती भक्कमपणासकट पाडल्या गेल्या. मोनॅडनॉक वाचली त्यात मोठा वाटा ऑल्डिसच्या नियमांचा आहे. भरपूर उजेड आणि हवा असलेली जागाच भाडं देते. कमी दर्जाची जागा बांधायलाही चांगल्या जागेइतकाच खर्च येतो, म्हणून ती बांधूच नका. आणि एका मोठ्या भाडेकरूपेक्षा अनेक छोटे बरे: भाडं चढं मिळतं, सगळे एकदम सोडून जात नाहीत, आणि लिफ्टवर एकाच वेळी झुंबड उडत नाही. इमारत या नियमांवर बेतलेली होती, म्हणून वाईट काळातही ती पूर्ण रिकामी पडणं अवघड होतं.

वाईट काळ आलाच. १९३८ मध्ये ‘आधुनिक’ करण्याच्या हौसेने जुनी मोझेकची फरशी रबरी लाद्यांखाली गाडली. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत अवकळा आली. १९७० मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत आणि १९७३ मध्ये शहराच्या यादीत नाव लागलं, पण यादीने गळकं छत दुरुस्त होत नाही. १९७९ मध्ये बिल डॉनेल आणि त्याच्या भागीदारांनी ती विकत घेतली. एकदम सगळी उकरून काढायला पैसा नव्हता. म्हणून तुकड्या-तुकड्याने, पुढची तेरा वर्षं, मूळ नकाशे समोर ठेवून काम चाललं: मोझेक पुन्हा बसवलं, ओकच्या चौकटी आणि खरवडलेली काच पुन्हा घडवून घेतली, अॅल्युमिनियमचा जिना उजळला.

आता तळमजल्याला दुकानं आहेत आणि वर अजूनही मुख्यतः छोटी कार्यालयं, काही तर आपल्या वन रूम किचनएवढी. मधल्या बोळातून उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत गेलं की कुठेतरी विटांची इमारत संपते आणि पोलादाची सुरू होते. आत ते कळत नाही. बाहेर डिअरबॉर्न रस्त्यावर येऊन वर पाहिलं की कळतं: दक्षिणेकडच्या खिडक्या रुंद आहेत, मधले खांब बारीक आहेत, आणि माथ्यावर रूटने नाकारलेली नक्षीदार कंगणी परत आली आहे, पारव्यांना बसायला ऐसपैस.